त्याच्या मागच्या चाकाकडे बघणं थांबव

पत्र

नमस्कार. मी इंदूरच्या रामबागेत राहतो, वय २३. राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंगमध्ये १६५ सीसी गटात हे माझं दुसरं वर्ष. रेसमधली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या क्वालिफाइंगला पहिल्या तिघांत असतो, रेस संपते तेव्हा सहावा नाहीतर सातवा. मागच्या फेरीत चेन्नईला शेवटच्या लॅपमध्ये टीममेटच्या अगदी मागे होतो. ब्रेकिंगला फ्रंट गेलं, म्हणजे पुढचं चाक घसरलं, पडलो, डोकं जरा आपटलं, पण चालत पिटमध्ये आलो. हा टीममेट पुण्याचा. प्रॅक्टिसला माझ्या मागे चिकटून माझी लाइन, म्हणजे ट्रॅकवरची वाट, उचलतो. नाश्त्याला सगळ्यांसमोर विचारतो, "काय रे, आज चेहरा का उतरलाय?" माझ्या पडण्याचा व्हिडिओ त्याने इन्स्टाग्रामवर गाणं लावून टाकला. रेसच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, ग्रिडवर (रेस सुटते त्या रांगेत) जायच्या आधी उलटी होते. बाबांनी वर्कशॉपवर कर्ज काढलंय, आई म्हणते सोडून दे. मी पण त्याच्याशी तसंच वागू का? आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो आणि टीमला कळलं तर?

रामबागेतला एक

(मूळ पत्र चार पानी होतं, इथे थोडक्यात दिलं आहे.)

उत्तर

"डोकं जरा आपटलं" असं म्हणून तू पुढे गेलास. आम्ही तिथेच थांबतो आहोत. पडल्यावर चालत पिटमध्ये येता आलं म्हणून डोकं ठीक आहे असं होत नाही. मेंदूला हादरा बसायला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. नंतरचे काही दिवस डोकं दुखणं, मळमळ, उजेड नको वाटणं, चिडचिड, झोप बिघडणं, बोलता बोलता शब्द न आठवणं ही त्याची लक्षणं, आणि यातली दोन तू टेन्शन म्हणून लिहिली आहेस. झोप आणि उलटीचा त्रास त्या पडण्याच्या आधीपासून आहे की नंतर सुरू झाला, हे पत्रात नाही. नंतरचा असेल किंवा नंतर वाढला असेल, तर आधी न्यूरोलॉजिस्ट, बाकी सगळं मागाहून. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाइकवर बसायचं नाही, बाबांच्या वर्कशॉपमधली गिऱ्हाइकाची गाडी ट्रायलला काढायची तीसुद्धा नाही.

आणि ते हेल्मेट बाद. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. दबला की परत फुगत नाही, आणि बाहेर रंगावर ओरखडासुद्धा नसू शकतो. स्क्रुटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, पास झालं तरी वापरू नको. तिथे बाहेरून दिसतं तेवढंच तपासलं जातं. धाकट्या भावाला स्कूटरसाठीही देऊ नको.

आता दबावाचं. चार पानांत टीममेट पानोपानी आहे. त्याचे बूट कुठले, त्याने कुठल्या मेकॅनिकला चहा पाजला, सगळं आहे. तू ज्या वळणात पडलास तिथे तुझा ब्रेक मार्कर, म्हणजे ब्रेक लावायची ठरलेली खूण, कुठला होता, हे मात्र एकदाही आलेलं नाही. आमच्या मते तुझा सगळा आजार एवढाच आहे. दबाव आला की पहिली चूक डोळे करतात, मग हात. डोकं बिचारं उगीच बदनाम होतं.

तुझं पडणंच घे. समज, सरळ पट्ट्याच्या शेवटी एकटा असताना तुझा वेग १४० असतो आणि वळणासाठी ७० वर यायचं असतं. कोरड्या, चांगल्या डांबरावर कडक ब्रेकिंग केलं तर त्याला साधारण ६४ मीटर लागतात. आता तू समोरच्याच्या टोमध्ये आहेस, हवा तो कापतोय, आणि तुझा वेग १४५ झाला. तेवढ्याच ब्रेकने ७० वर यायला आता ७० मीटर हवेत. सहा मीटर जास्त, म्हणजे तीन बाइकची लांबी. वर एकटा असताना छाती उचलली की हवाही थोडा ब्रेक लावते, ती मदत टोमध्ये कमी मिळते.

हे झालं यंत्राचं. आता डोळ्यांचं बघ. नजर मार्करवर नसून त्याच्या मागच्या चाकावर असेल, तर तू ब्रेक कधी लावणार? तो लावेल तेव्हा. त्याच्या शेपटीपासून तू दोन मीटरवर असलास तर तुझं पुढचं चाक त्याच्या पुढच्या चाकाच्या चारेक मीटर मागे असतं. त्याची बाइक ब्रेकने पुढे दबलेली दिसून तुझी बोटं लिव्हर दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो, आणि या वेगाला तेवढ्यात ८ मीटर जातात. म्हणजे त्याने जिथे ब्रेक लावला त्याच्या ४ मीटर पुढे तुझा लागला, आणि तुला लावायचा होता ६ मीटर अलीकडे. हिशेब दहा मीटरने चुकला. ते भरून काढायला तू लिव्हर आवळलास, बाइक झुकवायला लागलास तरी सोडला नाहीस. पुढच्या टायरकडे पकड एकाच खिशातली असते; ती ब्रेकने खर्च केली की वळायला उरत नाही. फ्रंट गेलं. यात हिंमत कमी पडली, नशीब फिरलं, असं काहीही नाही.

उपाय पायी चालून करायचा आहे. ट्रॅक वॉकला प्रत्येक कडक ब्रेकिंगच्या जागी दोन मार्कर ठरव: एक एकट्याचा, एक टोमधला, आणि टोमधला तीन बाइक अलीकडे. मार्कर न हलणारा हवा. डांबराचा सांधा, ट्रॅकच्या कडेच्या कर्बचा रंग जिथे सुरू होतो ती जागा, मार्शल पोस्टचा खांब चालेल. सावली घेऊ नको, दुपारपर्यंत ती सरकते. उभी ॲम्ब्युलन्स घेऊ नको, ती नेमकी रेसच्या वेळी दुसरीकडे असते. आणि टोमध्ये असलास की मार्कर यायच्या आधीच अर्धा हँडल बाजूला निघ. चेहऱ्यावर हवा लागली पाहिजे, नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली पाहिजे. तो दिसेलच, त्याच्यासाठी वेगळं बघावं लागत नाही.

मग हात. मागे कोणी आहे म्हटलं की मुठी आवळल्या जातात. पाचव्या-सहाव्या लॅपला कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड होतो, बोटांना लिव्हरवर किती जोर पडतोय ते कळेनासं होतं. याला पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमांच्या तळावर, आर्म पंप म्हणतात. त्यावर लोक जिममध्ये जाऊन हात आणखी जाड करतात. बऱ्याचदा दोष बसण्यात असतो. ब्रेकिंगला अंगाचा भार मनगटांवर येत असेल तर हात मरणारच. तो भार गुडघ्यांनी टाकीवर घ्यायचा. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड लावले नसतील तर लाव. मांड्यांचा आणि पोटाचा व्यायाम कर: भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, एक मिनिट, चार वेळा, आठवड्यातून चार दिवस. ट्रॅकवर तपासायची खूण सोपी आहे. मोठ्या सरळ पट्ट्यावर डाव्या हाताची बोटं पेटीवर फिरवल्यासारखी एकदा हलव. हलत नसतील तर तू मूठ आवळली आहेस. त्याच वेळी तोंडाने एक लांब श्वास सोड. घाबरलेला माणूस श्वास घेतो खूप, सोडायला विसरतो.

तिसऱ्याचा सातवा कसा होतो, याचा शोध कागदावर लागेल. टाइमकीपिंगच्या शीटवरून मागच्या चार रेसचे सगळे लॅप उतरून काढ आणि प्रत्येक लॅपसमोर लिही: मोकळा, कोणाच्या मागे, की कोणी नुकतंच ओव्हरटेक केलेलं. आमचा अंदाज असा की मोकळे लॅप ठीक असतील, आणि तुला कोणी मागे टाकलं त्याच्या पुढच्या दोन लॅपमध्ये घसरण दिसेल. लगेच बदला घ्यायला तू पुढच्याच वळणाला उशिरा ब्रेक लावतोस, बाहेर जातोस, आणि एकाऐवजी दोघं आत शिरतात. तसं निघालं तर नियम कर: ओव्हरटेक झाला की पुढची तीन वळणं फक्त त्याच्या मागे राहायचं. १६५ सीसीच्या गटात टो एवढा मोलाचा असतो की चिकटून राहिलास तर पुढच्या पट्ट्यावर संधी आपोआप येते.

मागे कोणी असेल तेव्हा उलटं. दर वळणाला आतली बाजू झाकत बसू नको. आतून गेलं की वळणातून बाहेर पडतानाचा वेग पडतो, आणि लहान इंजिनाला तो वेग पुन्हा जमवायला अख्खा पट्टा लागतो. तुम्ही दोघं असे भांडत बसता आणि तिसरा, चौथा येऊन मिळतो. तुझा टीममेट ओव्हरटेक कुठे करतो ते व्हिडिओत बघ. बहुतेक रायडरांच्या आवडत्या जागा दोन-तीनच असतात. तेवढ्याच झाक, त्याही शेवटच्या दोन लॅपला. मान वळवून मागे बघायचं नाही. तुझ्या माणसाला पिट बोर्डवर, ट्रॅकच्या कडेने दाखवतात त्या पाटीवर, मागच्याचं अंतर लिहायला सांग. तो आकडा ०.५ सेकंदापेक्षा मोठा असेल तर मागे कोणीच नाही असं धरून चाल.

आता तू म्हणशील, इंदुरात याचा सराव करू कुठे? जवळ रेस ट्रॅक नाही हे खरंच. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, पण तो वाहनांच्या चाचणीसाठी, शिवाय लंबगोल. फुल थ्रॉटल मारायला जागा आहे, वळणात शिरायचं शिकायला नाही. आणि सिमरोळचा घाट किंवा जाम गेटचा रस्ता हे उत्तर नव्हे. समोरून ट्रक येणाऱ्या रस्त्यावर मार्करकडे बघायची सवय लागूच शकत नाही, तिथे डोळ्यांना दुसरं काम असतं. त्यापेक्षा खाजगी मोकळं मैदान मालकाला विचारून घे, आठ कोन (रस्त्यावर ठेवतात ते प्लास्टिकचे शंकू) लाव, १००-१५० सीसीची जुनी गाडी घे, पूर्ण सूट घाल. पहिले दहा चक्कर एकटा. मग मित्राला मागे लाव आणि पैज लाव: दहा चक्करांत ठरलेल्या कोनाच्या आधी किंवा नंतर ब्रेक लागला की प्रत्येक चुकीला एक पोह्यांची प्लेट, जिलबीसकट. हसू येईल, पण दबावाचा सराव दबावातच होतो आणि पैज हा स्वस्तातला दबाव आहे. दुसरा मित्र कोनापाशी उभा राहून खडूने खूण करेल. एकटा असतानाच्या खुणा एका वितीत आणि मागे माणूस लागल्यावरच्या दोन हातांत पसरलेल्या दिसल्या, की तुला कोणी मानसशास्त्र समजावून सांगायची गरज राहणार नाही.

घरातला सराव याहून महत्त्वाचा. बाइक पॅडॉक स्टँडवर घे, हेल्मेट घाल, डोळे मिट, हातात स्टॉपवॉच. चेन्नईचा साधारण ३.७ किलोमीटरचा लॅप मनात पूर्ण मार: गियर, मार्कर, श्वास सोडायच्या जागा. शेवटची रेषा ओलांडली की घड्याळ थांबव. तुझ्या खऱ्या लॅपच्या दोन-तीन सेकंदांच्या आत आलास तर ट्रॅक तुझ्या डोक्यात नीट बसला आहे. दहा सेकंद कमी आलं तर एखादं वळण तू गाळतो आहेस, आणि बहुधा जिथे पडलास तेच. ते वळण सुटं काढून वीस वेळा मार, टोमधल्या मार्करसकट. रोज दहा मिनिटं पुरे.

झोपेबद्दल फार धास्ती घेऊ नको. एका रात्रीच्या अर्ध्या झोपेने रेस जात नाही, आधीच्या तीन रात्रींची झोप जास्त कामाची असते. त्यामुळे इंदूरहून निघतानाच एक दिवस हातचा ठेव, प्रवास करून थेट प्रॅक्टिसला उतरू नको. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. कॅफीनचा निम्मा अंश पाचेक तासांनीही अंगात असतो. झोपेची गोळी कोणाकडूनही घेऊ नको, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आळस बोटांत राहतो. हात थरथरायचे थांबवणारी म्हणून मित्र जी गोळी देतात तीही नाही. डॉक्टरने लिहून दिलेलं औषधसुद्धा नाडाच्या (खेळांतल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) बंदी असलेल्या औषधांच्या यादीशी ताडून घे.

उलटी होते कारण अंग पळायच्या तयारीत असतं आणि पोट म्हणतं मला नंतर बघू. त्याच्याशी भांडू नको, पोटात कमी ठेव. रेसच्या तीन तास आधी इडली, दहीभात किंवा साधे पोहे. शेव नको, आणि जिलबी पैजेपुरतीच ठेव. शेवटच्या तासाभरात केळं आणि ओआरएसचे घोट. चेन्नईची दमट हवा आणि कातडी सूट यांत पाणी झपाट्याने जातं, आणि पाणी कमी पडलं की आधी निर्णय बिघडतात, मग ताकद जाते. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेची फेरी, झाली तेव्हा उष्णतेमुळे रेस २४ वरून २१ लॅपची केली होती. तरी होर्हे मार्टिन दुसरा आला आणि संपल्यावर कोसळला. जगातल्या सर्वांत तयार रायडरांपैकी एकाचं हे होतं. सकाळी लघवीचा रंग बघ. गडद पिवळा असेल तर आदल्या दिवशीच पाणी चुकलं आहे.

ग्रिडवर जायच्या आधीची वीस मिनिटं कायम तीच ठेव. खुर्ची, भिंतीकडे तोंड, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. मग ग्लोव्ह, आधी डावा. टाकीवर पांढऱ्या टेपची पट्टी, त्यावर पेनने तीन शब्द: खूण, गुडघे, श्वास. "मी जिंकणारच" असलं काही लिहू नको. दुसऱ्या लॅपला तू पाचवा असलास की त्या वाक्याचं काय करायचं? खूण तर पाचव्यालाही बघता येते.

टीममेटकडे वळतो. त्याच्याकडे तुझ्यासारखीच बाइक आहे, म्हणून सगळ्यांची पहिली तुलना त्याच्याशी होते, त्याचीही तुझ्याशी. तो तुझ्या मागे चिकटतो यात तुझी स्तुतीच आहे, तो तुझी लाइन शोधतोय. पण क्वालिफाइंगमध्ये त्याला फुकट टो देऊ नको. त्यासाठी रेसिंग लाइनवर हळू होऊन त्याला पुढे काढायचं हा मूर्खपणा आहे. मागून येणारा धडकतो, आणि दंडही होतो. पिट लेनमधून आत ये, दहा सेकंद थांब, मोकळी जागा बघून पुन्हा बाहेर पड. त्याला हवं असेल तर तोही येईल, पण त्याचाही लॅप जाईल.

टीम मॅनेजरशी एकदा बोल, रेसच्या आठवड्यात नको, त्याआधी. तक्रार घेऊन जाऊ नको, मागण्या घेऊन जा: प्रॅक्टिसला पहिल्यांदा बाहेर कोण पडणार हे सेशनप्रमाणे आलटूनपालटून ठरावं; डेटा दोघांचा दोघांना दिसेल, नाहीतर कोणाचाच दिसणार नाही; एका रायडरचा मेकॅनिक दुसऱ्याला सेटिंग सांगणार नाही; टीममधल्या कोणाच्या पडण्याचा व्हिडिओ कोणी टाकणार नाही. शेवटची मागणी कुठलाही शहाणा मॅनेजर ऐकतो, कारण त्या व्हिडिओत प्रायोजकाचं नाव डांबरावर घासताना दिसतं. मोठ्या टीमनाही हे सगळं करावं लागलं आहे. २००८ मध्ये मोटोजीपीत यामाहाच्या गॅरेजमध्ये रॉसी आणि लोरेन्झो या एकाच टीमच्या दोन रायडरांमध्ये भिंत उभी राहिली. कारण सांगितलं गेलं वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरचं, आणि टायर वेगळे होतेही, पण गॅरेजमध्ये कोणीही टायरपुरतंच समजला नाही. २००६ मध्ये पोर्तुगालला इस्टोरिलच्या रेसमध्ये पेद्रोसाने स्वतःच्याच टीमच्या हेडनला पाडलं, तेही हेडन गुणांत सर्वांत पुढे असताना. हेडन भर ट्रॅकवर संतापला, आणि पुढच्याच रेसला, व्हॅलेन्सियाला, ५ गुणांनी जगज्जेता झाला. तो संताप त्याने पुढच्या रेसमध्ये नेला असता तर झाला नसता, असं आम्हाला वाटतं.

तू विचारतोस, मी पण तसंच वागू का. लोक रॉसीचा दाखला देतात. २००४ ला कतारमध्ये त्याच्या माणसांनी रात्री ग्रिडवरच्या त्याच्या जागेवर टायरचं रबर उमटवून ठेवलं, प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, त्याला सर्वांत मागून सुरुवात करावी लागली आणि तो पडला. रेस त्याचा प्रतिस्पर्धी सेते गिबरनाऊने जिंकली. रॉसीने शाप दिला की हा आता पुन्हा जिंकणार नाही, अशी गोष्ट पॅडॉकमध्ये अजून सांगतात, आणि गिबरनाऊ खरोखरच पुन्हा कधी जिंकला नाही. गोष्ट झकास आहे. पण २००५ ला ब्रनोमध्ये शेवटच्या लॅपला गिबरनाऊच्या बाइकमधलं पेट्रोल संपलं. शापाने पेट्रोल संपत नाही. आणि त्याच रॉसीने २०१५ ला मलेशियात सेपांगच्या रेसआधी गुरुवारच्या पत्रकार परिषदेत दुसरा रायडर मार्केसवर जाहीर आरोप केला. रविवारी दोघं एकमेकांत अडकले, मार्केस पडला, रॉसीला दंडाचे गुण मिळाले, शेवटच्या रेसला सर्वांत मागून निघावं लागलं. तो चौथा आला आणि लोरेन्झोने ५ गुणांनी किताब नेला. सेपांगला पोचला तेव्हा रॉसी ११ गुणांनी पुढे होता. दुसऱ्याच्या डोक्यात शिरायला निघालेल्या माणसाला आपलं डोकं वाऱ्यावर सोडून जावं लागतं, त्याची किंमत बघणाऱ्यांना दिसत नाही.

तेव्हा नाश्त्याच्या टोमण्याला एकच उत्तर, दरवेळी तेच: "हो का? बघतो." आणि पोहे संपवायचे. विनोद सुचला तरी गिळ, पुणेकराशी टोमण्यात जिंकायची खुमखुमी आपल्या कामाची नाही. गुरुवार ते रविवार इन्स्टाग्राम फोनमधूनच काढून टाक. टायमिंगचं ॲप राहू दे.

मानसोपचाराबद्दल. २०२३ चा मोटोजीपीचा किताब शेवटच्या फेरीत हुकल्यावर मार्टिनने मानसिक प्रशिक्षकाची मदत घेतली आणि ते लपवलं नाही. २०२४ ला त्याचा प्रतिस्पर्धी बागनायाने रविवारच्या ११ मुख्य रेस जिंकल्या, मार्टिनने ३, तरी १० गुणांनी जगज्जेता मार्टिन. त्याने दर आठवड्याला गुण आणले, आणि तुला नेमकं तेच जमत नाहीये. टीमला सांगायचं की नाही हे तुझ्या हातात आहे. डॉक्टर एरवी तुझ्या परवानगीशिवाय कोणाला सांगत नाही. रेसपुरता त्रास असेल तर क्रीडा मानसशास्त्रज्ञ पुरे, ऑनलाइन भेटला तरी चालतो. पण रेस नसतानाही दोन आठवडे झोप नसेल, रस्त्यावर साधी गाडी चालवताना छाती धडधडत असेल, किंवा जगणं नको असं मनात आलं, तर मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि तोवर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन फुकट.

कर्जाचं ओझं तू बाइकवर घेऊन बसतोस, ते उतरवायला मात्र श्वास-बिस उपयोगाचा नाही. बाबांसमोर वही घेऊन बस. या मोसमात किती फेऱ्या, प्रत्येकीचा प्रवास, टायर, प्रवेश फी किती, आणि कुठल्या आकड्याला थांबायचं, हे दोघांनी लिहून सही करा. आईला त्या बैठकीत बसव. तिचं "सोडून दे" बहुतेक त्या न ठरलेल्या आकड्याला असेल, आणि थोडं त्या आपटलेल्या डोक्याला.

त्याच वहीत पडण्याच्या पेटीचा, म्हणजे पडल्यावर लागणाऱ्या सुट्या भागांचा, खर्च धर. दोन ब्रेक लिव्हर, दोन क्लच लिव्हर, क्लिप-ऑनच्या (हँडलच्या) नळ्यांची जोडी, दोन्ही बाजूंचे फूटपेग, गियर लिव्हर, एक थ्रॉटल केबल, एक क्लच केबल, बार-एंड, सेफ्टी वायर. वर्कशॉप घरचंच आहे, अर्ध्या गोष्टी बाबा जुन्यातून काढून देतील. "पडलो तर पुढची रेस गेली आणि पैसेही गेले" ही भीती तुझ्या पत्रात ओळींच्या मधे लिहिलेली आहे, आणि तिच्यावर बेंचखाली भरून ठेवलेली लोखंडी पेटी आम्हाला माहीत असलेल्या सगळ्या मंत्रांपेक्षा जास्त चालते. पेटीच्या झाकणावर आत यादी चिकटव, वापरलेल्या वस्तूवर काट मार, आणि घरी परतल्यावर ती आधी भर.

डॉक्टरचा कागद हातात आला आणि लॅपचा तक्ता भरून झाला, की दोन्हींबद्दल आम्हाला लिही. तक्त्यात मोकळे लॅपच हळू निघाले, तर वर टीममेटबद्दल लिहिलेलं सगळं बाजूला ठेव. मग तुझी अडचण सेटिंगची आहे, आणि आपण सस्पेन्शनबद्दल बोलू.